श्रद्धा, संगोपन आणि सामाजिक नियंत्रण : कर्नाळा परिसर व रायगड जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पनवेलहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे १२ किलोमीटर अंतरावर कर्नाळ्याचा डोंगर लागतो. अंगठ्यासारखा उभा सुळका असलेला किल्ला आणि १९६८ साली घोषित झालेले पक्षी अभयारण्य यांमुळे हा परिसर सर्वपरिचित आहे. किल्ल्यावर कर्णाई देवीचे मंदिर आहे. पायथ्याच्या मुलखात आगरी व कुणबी समाजाची गावे आहेत, तशाच ठाकूर व कातकरी समाजाच्या वाड्याही आहेत. २०२५ साली ज्या तालुक्यात नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, त्याच तालुक्यातील ही वस्ती आहे. अशा परिसरातील मूल दोन जगांत एकाच वेळी वाढते. शाळेत ते विज्ञानाचे नियम शिकते आणि घरी देवीच्या कोपाचे.

धर्म हे सामाजिक नियंत्रणाचे साधन आहे, हे विधान समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आता इतके रुळले आहे की त्यातील प्रश्न दिसेनासा झाला आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ई. ए. रॉस यांनी १९०१ साली 'सोशल कंट्रोल' या ग्रंथात कायदा, लोकमत, शिक्षण यांच्या बरोबरीने धार्मिक श्रद्धेचाही नियंत्रणाचे साधन म्हणून विचार केला. एमिल दुर्खिम यांनी १९१२ साली त्याही पुढे जाऊन, माणूस देवाच्या रूपाने आपल्या समूहाचीच उपासना करतो, अशी मांडणी केली. परंतु घरात आईच्या मांडीवर जन्मलेली श्रद्धा गावाच्या हातातील दंडुका कशी व केव्हा बनते, हा मधला टप्पा या मांडणीत पुरेसा उलगडत नाही. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्यातील 'वाळीत टाकणे' या प्रथेच्या आधारे या टप्प्याचा विचार केला आहे.

घरातील देव

'देव बघतोय' हे वाक्य बहुतेक मराठी घरांत मूल बोलू लागण्याच्या आधीपासून त्याच्या कानावर पडते. नैवेद्य दाखविण्यापूर्वी खाऊ नये, पुस्तकाला पाय लागल्यास नमस्कार करावा, देवराईतील काटकीही घरी आणू नये, अशा नियमांची कारणे मुलाला सहसा सांगितली जात नाहीत. नियम मोडल्यास काय होईल, एवढेच सांगितले जाते. पोट दुखले की 'बघ, देवाने शिक्षा केली' हे स्पष्टीकरण तयारच असते.

हे स्पष्टीकरण मूल सहज का स्वीकारते, याचे उत्तर ज्यां पियाजे यांच्या १९३२ सालच्या बालकांच्या नैतिक निर्णयावरील ग्रंथात मिळते. पियाजे यांनी स्वित्झर्लंडमधील मुलांना एक गोष्ट सांगितली. दोन मुले बागेतून सफरचंदे चोरतात. एक पकडला जातो. दुसरा पळताना कुजलेल्या पुलावरून जातो, पूल मोडतो आणि तो पाण्यात पडतो. त्याने चोरी केली नसती तरी पूल मोडला असता काय, असा प्रश्न होता. सहा वर्षांच्या मुलांपैकी ८६ टक्के मुलांच्या मते पडणे ही चोरीचीच शिक्षा होती. अकरा-बारा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ३४ टक्क्यांवर आले होते. निसर्गातच न्याय दडलेला आहे, या समजुतीला पियाजे यांनी अंतर्भूत न्यायाची कल्पना म्हटले. तेव्हा 'देव शिक्षा करतो' ही धारणा मोठ्यांनी मुलाच्या मनावर बाहेरून लादलेली असते, असे म्हणणे अर्धवट ठरते. मुलाची विचारपद्धती त्यासाठी आधीच अनुकूल असते. मोठी माणसे तिला देवाचे नाव देतात.

याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. ही धारणा वयानुसार का ओसरते? पियाजे यांच्या मते केवळ वय वाढल्याने ती जात नाही, बरोबरीच्या मुलांमधील सहकार्याने ती मागे पडते. गोट्यांच्या खेळाचे त्यांनी केलेले निरीक्षण सुप्रसिद्ध आहे. लहान मूल खेळाचे नियम पवित्र व अढळ मानते. सवंगड्यांशी भांडत, तडजोड करीत खेळताना त्याला कळते की नियम माणसे करतात आणि सर्वांच्या संमतीने ते बदलताही येतात. भयाच्या नीतीकडून परस्पर आदराच्या नीतीकडे जाणारी वाट अशा रीतीने अंगणातील खेळातून जाते. रायगडातील प्रकरणांकडे वळताना हा मुद्दा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

एकाच कृतीतील श्रद्धा आणि शिस्त

कोकणातील धार्मिक संगोपनाचा मराठीतील सर्वाधिक वाचला गेलेला आलेख म्हणजे साने गुरुजींची 'श्यामची आई' (१९३५). या पुस्तकाकडे भावुकतेने पाहण्याची सवय झाल्याने त्यातील सामाजिक तपशील अनेकदा दुर्लक्षित राहतो. त्यात एक प्रसंग असा आहे : डोक्यावरची मोळी खाली पडलेली एक वृद्ध महार स्त्री असहाय उभी आहे. अस्पृश्यतेच्या धाकाने तिला कोणी हात लावीत नाही. आई श्यामला मोळी उचलून देण्यास सांगते आणि घरी आल्यावर स्नान करण्यासही सांगते.

या दोन आज्ञा एकाच तोंडून, एकाच श्रद्धेच्या नावाने येतात. सर्व माणसे देवाला प्रिय आहेत ही आईची श्रद्धा. आणि स्नान हा गावाचा कर. आईने श्रद्धा सोडलेली नाही आणि गावाशी उघड वैरही पत्करलेले नाही. मुलाच्या मनात मात्र दोहोंतील विसंगती रुजते. हाच मुलगा पुढे मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण करतो. धार्मिक संगोपनाचा परिणाम अपरिहार्यपणे आज्ञाधारकतेतच होतो, असे मानणाऱ्या अभ्यासकांना हे उदाहरण अडचणीचे आहे. श्रद्धेचा अर्थ लावण्याचा अधिकार आईने मुलाला नकळत देऊन टाकला होता. हा अधिकार जिथे घराबाहेर, गावाच्या काही मोजक्या प्रमुखांकडे जातो, तिथे श्रद्धेचे नियंत्रणात रूपांतर होते.

गावकी आणि वाळीत

रायगड जिल्ह्यातील अनेक गावांत 'गावकी' ही कायद्याने न नेमलेली, परंतु प्रत्यक्षात ग्रामपंचायतीहून बलवान अशी व्यवस्था आढळते. गावदेवीच्या उत्सवाचा खर्च, वर्गणी, मानपान, भांडणतंटे हे सारे तिच्याकडे असते. या व्यवस्थेचा निर्णय न मानणारे कुटुंब वाळीत टाकले जाते. निमित्ते बहुधा ऐहिक असतात : जमिनीचा वाद, निवडणुकीत विरोध, आंतरजातीय विवाह, वर्गणीचा हिशेब मागणे. शिक्षेची भाषा मात्र धार्मिक असते. दक्षिण रायगडात व रत्नागिरीत शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. वाळीत टाकलेल्या घरासमोर ती थांबत नाही. होळीचा नारळ स्वीकारला जात नाही, मंदिरात प्रवेश मिळत नाही, लग्नाला व मयताला कोणी येत नाही. बोलणाऱ्यासही दंड भरावा लागतो. किराणा व पिठाची गिरणी बंद होणे हा उपजीविकेवरचा आघात आहे. पालखी न येणे हा त्याहून खोल आघात आहे, कारण ज्या देवीच्या कृपेवर ते कुटुंब लहानपणापासून विसंबून आहे, तिनेच पाठ फिरविल्यासारखे होते. ज्याच्या मनात देवीविषयी श्रद्धाच नाही, त्याला ही शिक्षा लागू पडणार नाही. श्रद्धाळूलाच ती सर्वाधिक बोचते. गावकीला पोलीस किंवा तुरुंग लागत नाही, कारण तिचे निम्मे काम आईवडिलांनी वीस वर्षांपूर्वी करून ठेवलेले असते.

ही प्रथा नवी नव्हे. संन्याशाची मुले म्हणून ज्ञानेश्वरादी भावंडांना बहिष्कृत केल्याची आणि शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागल्याची कथा परंपरेने जपली आहे. महाराष्ट्राच्या स्मृतीतील सर्वांत प्रसिद्ध बहिष्कार हा मुलांवरचा होता, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून जे ग्रामण्य उद्भवले, त्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या व्यक्तीलाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले.

याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी घेण्यात आले. त्यानंतर अस्पृश्य मंडळी वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार आहेत, अशी अफवा उठविण्यात आली आणि परिषदेस आलेल्यांवर हल्ले झाले. वाद पाण्याचा होता, तो देवळाचा करण्यात आला. सार्वजनिक पाण्यावरील हक्काविरुद्ध जमाव उभा करणे कठीण होते. देव बाटणार म्हटल्यावर ते सोपे झाले. पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण'ही करण्यात आले. मुंबई सरकारने नेमलेल्या व डॉ. आंबेडकर सदस्य असलेल्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात, हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांविरुद्ध बहिष्काराचे शस्त्र वापरले जाते, याची नोंद केली आहे.

नियंत्रणाची दुसरी बाजू

धार्मिक नियंत्रण सर्वत्र अनिष्टच असते, असे मात्र म्हणता येत नाही. सह्याद्रीतील देवराया वनखात्याच्या जन्मापूर्वीपासून टिकल्या त्या देवाच्या धाकानेच. नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ साली सुरू केलेल्या दासबोध निरूपणाच्या श्रीसमर्थ बैठकांमुळे रायगड-ठाणे पट्ट्यातील अनेक आगरी व कोळी कुटुंबांतून दारू हद्दपार झाली, हे स्थानिक पातळीवर सर्वमान्य आहे. या कुटुंबांतील मुलांचे बालपण त्यामुळे सुसह्य झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. साधन तेच आहे : नियमित एकत्र येणे, परस्परांवर नजर, समूहात मान राखण्याची ओढ. फरक पाहायचा तो त्या समूहातून बाहेर पडणाऱ्याला काय किंमत मोजावी लागते, एवढाच.

कायदा आणि अंगण

बहिष्काराविरुद्ध कायदा करण्याचा पहिला मोठा प्रयत्न मुंबई राज्याने १९४९ साली केला. त्या कायद्याला दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध एक अशा बहुमताने रद्द ठरविला. धर्माच्या कारणावरून बहिष्कृत करणे हा धर्मसंप्रदायाच्या अंतर्गत व्यवस्थेचा भाग आहे, असा बहुमताचा आशय होता. बहिष्कृताची स्थिती अस्पृश्यासारखी होते, हे सरन्यायाधीश सिन्हा यांचे मत अल्पमतात राहिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविला.

दरम्यान महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा संमत केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो ३ जुलै २०१७ पासून अंमलात आला. अशा स्वरूपाचा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य ठरले. वाळीत प्रकरणांच्या चर्चेत तेव्हा रायगडचे नाव सातत्याने घेतले जात होते. या कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला निकाली काढण्याची अपेक्षा आहे. पीडिताच्या संमतीने व न्यायालयाच्या परवानगीने तडजोडही करता येते. ही तरतूद व्यवहार्य असली तरी धोक्याची आहे; ज्या गावात पुढेही राहायचे आहे, तेथील पीडिताची संमती कितपत मोकळी असते, हे न्यायालयाला कागदावरून कळणे अवघड आहे.

बहिष्काराच्या प्रकारांची कायद्याने दिलेली यादी लांब आहे. धार्मिक विधी, मिरवणूक, प्रार्थनास्थळ, स्मशान, शाळा, धंदा यांपासून वंचित ठेवणे तीत येते. त्याच यादीत, आपल्या समाजातील मुलांना विशिष्ट कुटुंबाच्या मुलांबरोबर खेळण्यास मज्जाव करणे, हाही एक प्रकार आहे. कायद्याच्या रुक्ष मसुद्यात मुलांच्या खेळाचा उल्लेख क्वचितच आढळतो. पियाजे यांच्या मांडणीच्या प्रकाशात पाहिल्यास या तरतुदीचे मोल अधिक स्पष्ट होते. वाळीत टाकलेल्या घरातील मुलाचे सवंगडी तुटतात, हे उघड नुकसान आहे. परंतु 'त्यांच्याकडे जायचे नाही' असे ज्याला बजावले जाते, त्या दुसऱ्या मुलाकडूनही काही हिरावले जाते. काल ज्याच्याशी गोट्यांच्या नियमांवरून वाद घातला, तो आज अस्पर्श्य का झाला, हे त्याला कोणी सांगत नाही. गावाने ठरविले, देवीला चालत नाही, एवढ्यावर त्याची बोळवण होते. नियम माणसेच करतात हे कळण्याच्या वयात तो पुन्हा अढळ नियमांच्या जगात ढकलला जातो आणि पुढच्या पिढीचा गावपंच तेथेच घडू लागतो.

भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराच्या चौदाव्या कलमात मुलाला विचार, सदसद्विवेक व धर्म यांचे स्वातंत्र्य दिले असून पालकांचा मार्गदर्शनाचा अधिकारही मान्य केला आहे. राज्यघटनेचे २८ वे कलम सरकारी निधीतून पूर्णतः चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षणास मनाई करते. ही दोन्ही कलमे पालक, मूल आणि राज्य अशा तिघांचाच विचार करतात. गावकी या चौथ्या पक्षाची दखल घेण्याचे काम २०१६ च्या कायद्यावर पडले आहे आणि रायगडातील महाविद्यालयांच्या वर्गांत बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी तो पक्ष आपल्या अंगणातून पाहिलेला असण्याची शक्यता आहे. समाजशास्त्राच्या तासाला सामाजिक नियंत्रणाची व्याख्या सांगताना फळ्यावर रॉस आणि दुर्खिम यांची नावे येतात. वर्गणी, पालखी आणि दंड हे शब्द क्वचितच येतात.