तगादा उद्यावर, मुदत मात्र सरते!

मृगाच्या तोंडावर बुलढाणा जिल्ह्यातील कृषी सेवा केंद्रांपुढे बियाणे-खतांसाठी गर्दी उसळते. चिखली, मेहकर, लोणार या सोयाबीनच्या पट्ट्यात बराचसा माल ओळखीवरच दिला जातो. 'सोयाबीन निघालं की देतो', एवढाच काय तो करार. दुकानदार वहीत नाव, माल आणि रक्कम टिपून घेतो. पुढे पावसाने दगा दिला किंवा भाव पडला, की बाकी तशीच राहते आणि तगाद्याचे काम दिवाळीवरून संक्रांतीवर, संक्रांतीवरून अक्षय्य तृतीयेवर ढकलले जाते.

याला आळस म्हणणे अन्यायाचे ठरेल. सकाळी शटर उघडून रात्री ते ओढेपर्यंत हाच माणूस राबत असतो. पुढे ढकलली जातात ती अवघडलेपणाची कामे. समोरचा शेतकरी गावचा, कित्येकदा सोयरा. त्याच्याही घरी ओढाताण असल्याचे दुकानदाराला ठाऊक असते. पैसे मागितले तर संबंध बिघडतील, या धास्तीने तोंड उघडत नाही. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण उगाच रूढ झालेली नाही.

कायदा मात्र भीड धरत नाही. मुदत कायदा, १९६३ नुसार विकलेल्या मालाच्या किमतीसाठी तीन वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो. उधारीची निश्चित मुदत ठरली असेल तर ती संपल्यापासून आणि तसे काहीच ठरले नसेल तर माल दिल्याच्या तारखेपासून ही तीन वर्षे मोजली जातात. मुदत उलटल्यावर दावा केल्यास, प्रतिवादीने आक्षेप घेतला नाही तरी न्यायालयाला तो फेटाळावाच लागतो.

येथेच अनेक व्यापाऱ्यांची गफलत होते. लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजली जाते आणि पहिल्या पानांवर 'मागील बाकी' उतरवली जाते. दरवर्षी रक्कम पुढे ओढली म्हणजे ती जिवंत राहिली, असा समज त्यामागे असतो. पण दुकानदाराने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या नोंदीने मुदत वाढत नाही. त्यासाठी देणेकऱ्याने, मुदत संपण्यापूर्वी, बाकी मान्य असल्याचे लिहून सही करावी लागते. मग त्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने सुरू होतात. मुदतीच्या आत थोडीफार रक्कम दिली आणि त्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी झाली, तरीही हाच लाभ मिळतो. मुदत टळल्यानंतर मात्र नुसती कबुली पुरत नाही. तेव्हा करार कायदा, १८७२ प्रमाणे पैसे देण्याचे लेखी, सहीनिशी वचन लागते. ते कोण देईल, हा प्रश्नच आहे.

म्हणजे भिडस्त दुकानदाराला निदान पैसे मागण्याआधी सही तरी मागता येते. 'पैसे सवडीने द्या, तेवढी बाकी बघून सही करा', हे वाक्य तगाद्यापेक्षा कितीतरी सोपे आहे. त्यासाठी वही मोठ्या रकमेपासून नव्हे, तर सर्वांत जुन्या तारखेपासून चाळावी. पाडवा झाल्यावर मृगापर्यंत दुकानात तुलनेने सवड असते. रोज शटर उघडण्यापूर्वी अर्धा तास काढला, तरी बहुतेक खाती त्या काळात हातावेगळी होतात.

खामगाव, मलकापूरच्या औद्योगिक वसाहतींतील लहान उत्पादकांची रखडलेली वसुली वेगळ्या तऱ्हेची. त्यांची बाकी मोठ्या खरेदीदारांकडे अडकते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असल्यास कमाल ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे चुकते करावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते. दाद सुलभीकरण परिषदेकडे मागता येते. मात्र त्यासाठी 'उद्यम' नोंदणी हवी आणि ती माल पुरवण्याआधीच केलेली बरी. नोंदणी मोफत, आधार क्रमांकावर होते. तरीही ती लांबणीवर पडते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना हे संरक्षण नाही, हेही ध्यानात ठेवावे.

विवरणपत्रांच्या बाबतीत भिडेची जागा भीती घेते. एक तिमाही चुकली, की दंडाच्या धास्तीने पोर्टल उघडण्याचेच टाळले जाते. वास्तविक वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्राचे विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये, व्यवहारच नसल्यास २० रुपये, आणि त्यालाही कमाल मर्यादा आहे. थकलेल्या करावर व्याज मात्र वार्षिक १८ टक्के. सलग सहा महिने विवरणपत्रे न भरल्यास नोंदणी रद्द होऊ शकते. शिवाय २०२३ च्या दुरुस्तीनंतर, मूळ तारखेपासून तीन वर्षे उलटलेले विवरणपत्र भरताच येत नाही. येथेही तीन वर्षांचीच कुंपणरेषा!

उधारीचा वाद न्यायालयात नेण्याची इच्छा नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून दावापूर्व प्रकरण म्हणून ते लोकअदालतीपुढे ठेवता येते. तेथे न्यायालयीन शुल्क नाही, हप्ते ठरवून घेता येतात, आणि तडजोडीने झालेल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकेच बळ असते.