विश्लेषण : कंपनीच्या वेबमेलला ‘ठिगळ’ लावले का?

कोटेशन, ऑर्डर, बिल, बँक खाते... बोईसर-तारापूर एमआयडीसीतील रसायन, औषध, कापड आणि पोलाद उद्योगांचा बराचसा व्यवहार ईमेलवर चालतो. कंपनीच्या नावाचा मेल ब्राउझरमध्ये उघडून देणारे सॉफ्टवेअर अनेकदा ‘राउंडक्यूब’ असते. ‘सीपॅनेल’ या लोकप्रिय होस्टिंग व्यवस्थेत ते सोबतच मिळते. ते वेळेवर अपडेट झाले नाही, तर काय होऊ शकते?

त्रुटी काय होती?

राउंडक्यूबने १ जून २०२५ रोजी १.६.११ आणि १.५.१० या आवृत्त्या आणून एक गंभीर त्रुटी बुजवली. दहा वर्षांहून अधिक काळ दडलेल्या या त्रुटीची तीव्रता १० पैकी ९.९ ठरली. एका कर्मचाऱ्याचा पासवर्ड मिळाला, तरी लॉगिन करून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. म्हणजे एका टेबलावरचा कच्चा पासवर्ड अख्ख्या कंपनीच्या मेलला भोवू शकतो.

पासवर्ड पक्का असेल तर?

तेवढ्याने भागत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘विंटर विव्हर्न’ या हॅकर गटाने राउंडक्यूबच्या दुसऱ्या त्रुटीतून युरोपातील सरकारी कार्यालयांवर हल्ले केले. तिथे लिंकवर क्लिक करण्याचीही गरज नव्हती. मेल ब्राउझरमध्ये उघडणे पुरेसे होते.

घाई का?

पॅच म्हणजे ठिगळ. ते लागले की भोक कुठे होते, हे चोरालाही कळते. जुन्या आणि नव्या कोडची तुलना करून हॅकर त्रुटी शोधतात आणि अपडेट न केलेले सर्व्हर गाठतात. आत शिरलेला भामटा गुपचूप मेल वाचतो आणि पैसे भरायच्या वेळी ग्राहकाला त्याच पत्त्यावरून बदललेला खाते क्रमांक पाठवू शकतो.

काय करावे?

- वेबमेलमधील ‘अबाउट’मध्ये आवृत्ती पाहा. ती जुनी असल्यास होस्टिंग कंपनीकडून अपडेटची लेखी खात्री घ्या.
- पॅच आधीच शिरलेल्याला बाहेर काढत नाही. त्यामुळे पासवर्ड बदला, अनोळखी फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा.
- खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला, तर जुन्या नंबरवर फोन करूनच पैसे पाठवा.
- फसवणूक झाल्यास लगेच १९३० वर कळवा. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ला कळवणे कंपन्यांना २०२२ च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे.