वंगण तेलाचा अतिवापर, मोटारगाडीच्या एंजिनातील
अंतर्ज्वलन-एंजिनात वंगणासाठी भरलेले तेल नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात खर्च होणे, यास वंगण तेलाचा अतिवापर म्हणतात. सिलिंडराच्या भिंतीवर तेलाचा पातळ थर ठेवावाच लागत असल्याने त्याचा अल्पसा अंश इंधनाबरोबर जळतो. त्यामुळे तेल मुळीच खर्च न होणारे एंजिन नसते. काही निर्माते १,००० किमी. धावेमागे ०·५ लि. पर्यंतचा खर्च स्वीकार्य मानतात. जुन्या एंजिनात खर्च याहून जास्त झाल्यास किंवा एकाएकी वाढल्यास त्याचे कारण शोधणे आवश्यक ठरते. पातळी फार खाली गेल्यास पंप तेलाऐवजी हवा ओढू लागतो, धारव्यांना तेल मिळत नाही आणि एंजिन जखडून निकामी होऊ शकते. उलट, निदान न करता एंजिन उघडल्यास एखाद्या स्वस्त सीलच्या दोषासाठी सर्व दट्टे व कड्या बदलण्याचा खर्च पदरी पडतो.

मापन : गाडी सपाट जागी उभी करून, एंजिन थांबविल्यानंतर काही मिनिटांनी मोजपट्टीवर पातळी पाहतात. पातळी कमाल खुणेपर्यंत आणून पुढील १,००० किमी. मध्ये घातलेल्या तेलाची नोंद ठेवतात. केवळ जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत न जळलेले पेट्रोल व पाणी तेलात मिसळून पातळी टिकल्याचा भास होतो. लांबच्या प्रवासात ती वाफ होऊन निघून गेली की, पातळी अचानक घटलेली दिसते.

गळती : तेल जळते आहे असे ठरविण्यापूर्वी ते गळत नाही ना, हे पाहावे लागते. एंजिन स्वच्छ पुसून व गाडीखाली कागद अंथरून गळतीची जागा शोधतात. काही सांधे फक्त चालत्या एंजिनातील दाबामुळेच पाझरतात. थेंबाचे घनफळ ०·०५ मिलि. धरल्यास दर ५० मी. ला पडणाऱ्या एका थेंबाने १,००० किमी. मध्ये १ लि. तेल जाते. भुजापेटीतील वायू बाहेर नेणारी नळी वा झडप तुंबल्यास आतील दाब वाढून एरवी चांगले सांधेही गळू लागतात. म्हणून ती प्रथम साफ करतात.

धुराची लक्षणे : जळणाऱ्या तेलाचा धूर निळसर असतो. काळा धूर इंधनाचे आधिक्य दर्शवितो, तर एंजिन तापल्यावरही टिकणारा दाट पांढरा धूर शीतक-पाणी सिलिंडरात शिरल्याचे सुचवितो. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना निळा धूर येऊन लगेच थांबत असेल, तर तेल झडपांच्या दांड्यांवरून झिरपलेले असते. लांब उतारावर प्रवेगक सोडून नंतर दाबताच धूर आला, तरी दोष बहुधा झडपांची सील वा मार्गदर्शक नळ्या यांचाच असतो. कारण त्या वेळी चोषण नळीतील निर्वात सर्वाधिक असून तो तेल ओढून घेतो. चढावर, भाराखाली सतत धूर येत असल्यास दट्ट्याच्या कड्या किंवा सिलिंडर झिजल्याचा संशय घेतात.

संपीडन चाचणी : एंजिन गरम करून सर्व ठिणगी-गुडद्या काढतात आणि हवेची झडप पूर्ण उघडी ठेवून आरंभकाने एंजिन फिरवीत प्रत्येक सिलिंडराचा दाब मोजतात. कमी दाबाच्या सिलिंडरात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजल्यावर दाब स्पष्टपणे वाढला, तर कड्या वा सिलिंडर झिजलेले असतात. न वाढल्यास दोष झडपांत किंवा गॅस्केटमध्ये असतो. दाब समाधानकारक असला, तरी कड्या निर्दोष ठरत नाहीत. संपीडन कड्या चांगल्या असूनही तेल खरवडणारी खालची कडी कार्बनाने चिकटलेली असू शकते. अशा वेळी तेलकट, काजळलेली गुडदी दोषी सिलिंडर दाखविते.

उपाय : झडपांची सील बऱ्याच एंजिनांत शीर्ष न काढताही बदलता येतात. सिलिंडर लंबवर्तुळाकार झिजले असल्यास नुसत्या नव्या कड्या टिकत नाहीत. अँबॅसडर गाडीच्या १,४८९ घ. सेंमी. च्या ओतीव लोखंडी पेट्रोल एंजिनासारख्या एंजिनांत सिलिंडर पुन्हा कातून मोठ्या मापाचे दट्टे बसवितात. कारागीर यास ‘बोअर करणे’ म्हणतात. अधिक दाट तेलाने खर्च काही काळ कमी भासतो, पण झीज भरून निघत नाही. दुरुस्ती लांबविल्यास ज्वलनकोठीत कार्बन साचून एंजिन ठोके देऊ लागते, तसेच तेलातील फॉस्फरसामुळे निष्कास नळीतील उत्प्रेरकी परिवर्तक निष्प्रभ होतो. दुरुस्ती होईपर्यंत दर इंधनभरणीच्या वेळी पातळी तपासणे, हाच एंजिन वाचविण्याचा खात्रीचा मार्ग होय. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन, वंगण].