गुडघ्याची खरखर

आमच्याकडे गुडघा दाखवायला आलेली बाई दुखण्याच्या आधी आवाजाचं सांगते. ‘मॅडम, वाटी वाजतीये. वंगण संपलं का हो?’ डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीवरून आलेली असो, नाहीतर नारायणगावच्या टोमॅटो बाजारात दिवसभर क्रेट उचलणारी असो, पहिलं वाक्य हेच. दुखणं अंगावर काढायची सवय असते, पण वाजणाऱ्या गुडघ्याची धास्ती वाटते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतले गुडघे हे माझं रोजचं काम. या वाजण्याकडे आम्ही मंडळी जेवढं लक्ष देतो, त्याहून पुष्कळ जास्त द्यायला हवं, असं माझं ठाम मत झालं आहे.

तपासण्याची पहिली रीत जुनीच आहे. बाईला उंच टेबलावर बसवायचं, पाय मोकळे सोडायचे, तळहात वाटीवर नुसता टेकवायचा, दाबायचा नाही. मग सांगायचं, ‘मावशी, पाय सरळ करा. आता सावकाश खाली न्या.’ एखाद्या गुडघ्यात टक्कन काहीतरी होतं आणि पुढच्या खेपेला होतच नाही. तो बहुधा सांध्यातल्या पाण्यात झालेला वायूचा बुडबुडा असतो, किंवा एखादा स्नायुबंध हाडाच्या उंचवट्यावरून सरकलेला असतो. त्यात काळजीचं काही नाही. दुसऱ्या एखाद्या गुडघ्यात मात्र पाट्यावर जाडं मीठ वाटताना वरवंट्याखाली लागते तशी खरखर लागते, आणि ती पाय वर जाताना, खाली येताना, दरवेळी त्याच जागी लागते. पुष्कळदा कानाला काहीच ऐकू येत नाही. हाताला मात्र स्पष्ट कळतं.

इथली कामंच अशी आहेत की गुडघ्याला उसंत नाही. पश्चिमेकडे, भीमाशंकरच्या आणि नाणेघाटाच्या अंगाला जुलैत भाताची आवणी चालते. पोटरीपर्यंत चिखलात उभं राहून बाई वळते तेव्हा पाऊल रुतलेलंच असतं आणि सगळा पीळ गुडघ्याला बसतो. सातगाव पठारावर बटाट्याची काढणी, पूर्व भागात कांद्याची लागण आणि खुरपणी. ती सारी उकिडवं बसून, वाफ्यातून तसंच सरकत सरकत. गुडघा असा मुडपलेला असताना वाटी मांडीच्या हाडावर अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट जोराने दाबली जाते. साध्या पायऱ्या चढतानाही हा दाब वजनाच्या तिपटीच्या आसपास जातो. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून दर्शन घेणाऱ्या कितीतरी आज्या मला सांगतात की चढण निभावली, उतरताना डोळ्यांत पाणी आलं.

हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत पांढरा थर असतो ती कूर्चा. लोक तिला गादी म्हणतात. वाटीच्या मागची कूर्चा शरीरातली सर्वांत जाड, काही ठिकाणी पाच-सहा मिलिमीटरसुद्धा. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. दाब पडला की तिच्यातलं पाणी बाहेर येतं, दाब सुटला की ती सांध्यातलं पाणी पुन्हा आत घेते. या ये-जा करणाऱ्या पाण्यावरच तिचं पोषण चालतं, म्हणून ‘गुडघा दुखतोय, आता हलूच नका’ हा घरोघरी मिळणारा सल्ला मला फार खटकतो. मज्जातंतू नसल्यामुळे तिची झीज सुरू होते तेव्हा बाईला काहीच कळत नाही. दुखायला लागतं ते खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर. तोवर बराच काळ निघून गेलेला असतो.

एक्स-रेत कूर्चा दिसत नाही. दिसते ती दोन हाडांमधली फट. ती अरुंद झाली की बाई घरी जाऊन सांगते, ‘माझा गॅप कमी झालाय.’ केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली झिजेला शून्य ते चार अशा पायऱ्या लावल्या, त्या आजही वापरात आहेत. पण चौथी पायरी सांगायला एक्स-रे लागतो असं नाही, बाई दारातून आत येतानाच ती दिसते. खरी गरज आधीच्या पायऱ्यांवर आहे. एमआरआयमध्ये कूर्चा दिसते, पण एका एमआरआयला शेतमजूर बाईची कित्येक दिवसांची मजुरी जाते. शिवाय तिथे गुडघा निश्चल ठेवलेला असतो. तो हलताना कसा घासतो, हे त्या चित्रात येत नाही.

हलत्या गुडघ्याकडे कान लावायची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. बॉस्टनमध्ये ब्लॉजेट या डॉक्टरने १९०२ साली स्टेथोस्कोपने गुडघे ऐकून त्यावर लिहिलं. १९२९ मध्ये वॉल्टर्सने शेकडो सांधे ऐकून काढले. अडचण अशी की या कंपनांचा बराच भाग माणसाच्या कानाला नीट ऐकूच येत नाही इतका संथ असतो, आणि मायक्रोफोन सांध्याबरोबर खोलीतलंही सगळं टिपतो. बेलफास्टमध्ये मोलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात मायक्रोफोन बाजूला ठेवून त्वचेवर थेट थरथर मोजणारा ॲक्सेलरोमीटर चिकटवला. हवेतला आवाज सोडून त्यांनी हाडाची थरथर धरली. पुढे कॅनडात कॅलगरीला रंगराज रंगय्यन यांनी या थरथरीचं गणित मांडलं. त्यांची पीएच.डी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतली. निरोगी आणि बिघडलेल्या गुडघ्यांचे आलेख संगणकाला वेगळे ओळखता येतात का, यावर त्यांनी अनेक वर्षं काम केलं.

आता माझ्या टेबलाशी या. तसाच नखाएवढा, काही ग्रॅम वजनाचा सेन्सर. वाटीचा मधोमध भाग स्पिरिटने पुसायचा, दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीने सेन्सर बसवायचा आणि त्याची वायर मांडीला टेपने जखडायची, कारण वायर हलली तरी आलेखात उसळी येते. लुगड्याचा काठ नाहीतर परकर सेन्सरला घासला तर तीच गत, म्हणून कपडा वर खोचून घ्यावा लागतो. त्यासाठी पडदा हवा, आणि दाराशी पुरुषमाणूस नको. गुडघ्याच्या बाजूला कोन मोजणारी पट्टी. पाय काटकोनातून सरळ आणि सरळातून पुन्हा काटकोनात, सगळं मिळून चार सेकंदांत. मोबाइलवरच्या ठोक्यांवर बायकांचा पाय चालत नाही, त्या घाई करतात. मी शेजारी बसून माझाच पाय त्या लयीत हलवते, मग त्यांचा आपोआप बरोबर येतो. वेग सारखा राखणं फार महत्त्वाचं, कारण पाय जोरात हलवला की चांगला गुडघाही जास्त थरथरतो.

सेकंदाला दोन हजार नोंदी होतात आणि नको ते बरंच आत येतं. पंखा बंद करते. विजेच्या तारांतला ५० हर्ट्झचा गुणगुणाट आलेखावर बसतो, म्हणून लॅपटॉप बॅटरीवर चालवते. रस्त्यावरून कांद्याने भरलेला ट्रॅक्टर गेला की टेबलच हलतं, मग तो जाईपर्यंत थांबायचं. जुन्नर तालुक्यातच खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातल्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपत असतात. भोवतालच्या गोंगाटातून हवं तेवढंच वेगळं काढायचं, ही त्यांची रोजची लढाई. माझ्या छोट्या टेबलावर प्रश्न तोच असतो. फार संथ लाटा मांडीच्या स्नायूंच्या आणि पायाच्या हेलकाव्याच्या असतात, त्या गाळून टाकायच्या. मग उरतं ते वाटीच्या घर्षणाचं.

त्या उरलेल्या रेषेत मी सर्वांत आधी जागा बघते. गुडघा जवळजवळ सरळ असताना वाटीच्या मागचा खालचा भाग मांडीच्या हाडाला टेकलेला असतो. गुडघा वाकत जातो तशी ही टेकायची जागा वाटीवर वर सरकते. त्यामुळे खरखर कोणत्या कोनात आली, यावरून गादीचा कोणता पट्टा खडबडीत झाला असावा याचा अंदाज बांधता येतो. प्रत्येक फेरीत त्याच कोनात तीच उसळी आली तर ती खरी मानायची. एकदाच आली तर सोडून द्यायची. त्यानंतर उंची आणि वारंवारता. निरोगी गुडघ्याची रेषा बुटकी आणि एकसारखी असते. झिजेत ती उंच आणि विस्कटलेली होते, ५० ते २५० आणि २५० ते ४५० हर्ट्झ या पट्ट्यांत जोर वाढतो. पोलंडमधल्या संशोधकांनी असेच पट्टे पाडून निरनिराळ्या विकारांचे गुडघे तपासले आहेत.

एवढ्यावरून निदान करू नये, हे मी ठासून सांगते. काहीही न दुखणारे कितीतरी गुडघे आयुष्यभर वाजतात. प्रत्येक यंत्राचा, पट्टीचा, वेगाचा फरक पडतो, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही. गुडघा ताडायचा तो त्याच गुडघ्याशी. आवणीआधीची रेषा आणि आवणीनंतरची, मांडीचे स्नायू बळकट करायच्या व्यायामाआधीची आणि तीन महिन्यांनंतरची. गुडघा मध्येच अडकत असेल, सुजून गरम झाला असेल, सोबत ताप असेल, तर मी सेन्सरला हातही लावत नाही. हाडांच्या डॉक्टरांकडे तडक चिठ्ठी देते.

या तपासणीचा सर्वांत मोठा उपयोग मला अनपेक्षित ठिकाणी दिसला. बाई पडद्यावर स्वतःची रेषा बघते. चांगल्या आणि दुखऱ्या गुडघ्यातला फरक तिला न शिकवता कळतो. एका मावशींनी दोन्ही रेषा बघून एवढंच विचारलं, ‘मग हा चांगला राखायला काय करू?’ त्यानंतर त्या खुरपायला बसताना बुडाखाली लाकडी पाट घ्यायला लागल्या आणि रात्री अंथरुणावर पाय सरळ ताणून धरायचा व्यायाम करू लागल्या. नुसतं सांगून हे होत नव्हतं.

आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला, डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये सुरू झालेल्या पाहणीत गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून घरोघर सांधेदुखीची विचारपूस करण्यात आली. चार हजारांवर प्रौढ माणसांत सुमारे १८ टक्के लोकांनी सांध्यांचं, स्नायूंचं दुखणं सांगितलं. गावातली माणसं हे काम नीट करू शकतात, हे त्यातून दिसलं. तसंच काही जुन्नर-आंबेगावात व्हावं अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी सुरुवातीला सेन्सरही लागणार नाही. गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना वाटीवर तळहात टेकवून एकदाच येणारा टक आणि त्याच जागी परत परत लागणारी खरखर यांतला फरक ओळखायला शिकवावं. आवणी उरकल्यावर ऑगस्टात आणि कांद्याच्या लागणीआधी नोव्हेंबरात, चाळिशी ओलांडलेल्या बायकांची एकेक फेरी घ्यावी. जिच्या गुडघ्यात खरखर लागेल त्या बाईला घोडेगावला किंवा जुन्नरला पाठवावं, आणि तिथे सेन्सर लावून तिच्या गुडघ्याची पहिली रेषा नोंदवून ठेवावी.