गादी सुटली, तरी डाव सुटू नये

रत्नागिरीचा पावसाळा वृद्धांना घरात बसवतो. भाट्याच्या किनाऱ्यावरचे फिरणे थांबते, मंदिरापर्यंतची निसरडी वाटही जपून चालावी लागते. व्यापारी कुटुंबांत या घरबसलेपणाला आणखी एक पदर असतो. आयुष्यभर दुकानाची गादी सांभाळलेले आजोबा हिशेब मुलाच्या आणि संगणकाच्या हाती सोपवतात. मग त्यांना कोणी भाव विचारत नाही, कोणाची उधारी किती हेही विचारत नाही. रोज राबणाऱ्या स्मृतीला अचानक काम उरत नाही आणि मन उदास होऊ लागते.

अशा वेळी बैठा खेळ आधार देऊ शकतो. फ्रान्समध्ये ३,६७५ ज्येष्ठांचा २० वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. बैठे खेळ खेळणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका १५ टक्के कमी आढळला. मात्र सुरुवातीची बुद्धीची आणि मनाची स्थिती हिशेबात धरताच हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. तरीही खेळणाऱ्यांची बौद्धिक घसरण कमी होती आणि नैराश्यही कमी जणांना आले. म्हणजे खेळ हे रोग टाळण्याचे हमखास औषध नव्हे. पण मन प्रसन्न ठेवण्याचे ते चांगले निमित्त आहे.

आपल्या परंपरेत हे निमित्त जुनेच आहे. आजच्या सापशिडीचे पूर्वरूप असलेली ज्ञानबाजी जैन घरांत पर्युषणाच्या दिवसांत खेळली जात असे. जैन पटांवर बहुधा ८४ घरे असत; सद्गुणांच्या शिड्या वर नेत, दुर्गुणांचे साप खाली ओढत. असा पट आजी-आजोबांनी नातवंडांना घरीच आखून द्यावा. कोणत्या घरात काय लिहायचे, हे आठवताना आणि समजावताना स्मृतीला काम मिळते व वडीलकीला मानही मिळतो.

दुसरा खेळ तर पेढीवरचाच आहे. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे पाढे जुन्या पिढीला मुखोद्गत असतात. ‘सव्वा रुपया भावाने सोळा नारळ, किती झाले?’ असे विचारावे. नातू मोबाइल उघडेपर्यंत आजोबा ‘वीस’ म्हणून मोकळे होतात! कॅरम, पत्ते किंवा स्तवनांची अंताक्षरीही चालेल. पैसे मात्र लावू नयेत. द्यूत हे सप्तव्यसनांतले एक आहे.

एक पथ्य घरच्यांनीही पाळावे: खेळाची परीक्षा होऊ देऊ नये. ‘आत्ताच तर सांगितले होते’ हे वाक्य चारचौघांत उच्चारले, की वृद्ध माणूस दुसऱ्या दिवशी पटाजवळ येत नाही. सोंगट्या मोठ्या असाव्यात, उजेड भरपूर असावा, ऐकू कमी येत असल्यास समोर बसून बोलावे. थकवा दिसताच डाव आवरावा.

विसरभोळेपणा वाढत असेल, ओळखीची वाट चुकत असेल, तर खेळावर विसंबून न राहता डॉक्टरांना दाखवावे. शाकाहारी आहारात ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव राहू शकते. तिच्यामुळे आणि थायरॉइडच्या विकारामुळेही स्मृती व मनःस्थिती बिघडते. हे दोष साध्या रक्ततपासणीत कळतात आणि त्यांवर उपचारही आहेत.

वैयावृत्त्य म्हणजे केवळ औषधपाणी नव्हे. दुपारी दुकान जरा निवांत असते, तेव्हा घरातील एकाने अर्धा तास वडीलधाऱ्यांसमोर पट मांडून बसावे, ही देखील सेवाच आहे. येत्या चातुर्मासात प्रत्येक घराने एवढा नियम अवश्य घ्यावा.