कानात कोण बोलते?

स्वतःच्या तळव्याला स्वतःच गुदगुल्या करून पाहा. जमत नाही. हात हलवायचा हुकूम सोडतानाच मेंदू त्याची नक्कल जवळ ठेवतो. येणारा स्पर्श आपलाच, हे त्याला आधीच ठाऊक असते. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णांना आवाज ऐकू येत होते, किंवा आपले हातपाय दुसराच कोणी हलवतो असे वाटत होते, त्यांना स्वतःचा आणि परक्याचा स्पर्श जवळजवळ सारखाच जाणवला.

सायकोसिस, म्हणजे चित्तविकृती, समजून घ्यायला मला हा प्रयोग फार उपयोगी वाटतो. आपण सारेच दिवसभर मनात बोलत असतो. त्या बोलण्यावर ‘माझे’ अशी खूण असते, म्हणून तो विचार ठरतो. खूण उमटलीच नाही तर? तेच शब्द बाहेरून आल्यासारखे वाटतील. भासांची ही एकमेव उपपत्ती नव्हे, पण तिला आधार आहे. आवाज ऐकू येत असताना रुग्णांच्या मेंदूतले बोलणे घडवणारे ब्रोका क्षेत्र सक्रिय झाल्याचे १९९३ मध्ये दिसले. १९९९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांना ध्वनी ग्रहण करणारा भागही जागा असल्याचे आढळले. म्हणजे रुग्ण ‘ऐकू येते’ म्हणतो तेव्हा तो थापा मारत नसतो. त्याला ऐकू येतेच.

बोलते कोण, हे मात्र गावोगावी बदलते. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लूरमन यांच्या गटाने अमेरिकेतील सॅन मटेओ, घानामधील अक्रा आणि चेन्नई येथे प्रत्येकी वीस रुग्णांशी बोलून काढलेले निष्कर्ष २०१५ मध्ये आले. अमेरिकेत आवाज बहुधा अनोळखी आणि हिंसक होते. चेन्नईत निम्म्याहून अधिक जणांना नातेवाईकच ऐकू येत: रागावणारे, घरकाम सांगणारे. सासुरवास इथेही सुटत नाही म्हणायचा!

आता ज्याला भिंतीआडून कुजबुज ऐकू येते, तो तिचा अर्थ लावणारच. ‘शेजाऱ्यांनी यंत्र बसवले आहे’ हा भ्रम असतो, पण त्यामागे एक तर्क असतो. शिवाय डोपामीन या रसायनाचा तोल गेला, की साध्या गोष्टींनाही अवाजवी महत्त्व येते. बसचा नंबर, टीव्हीवरचे वाक्य, सगळे आपल्यासाठीच. बोलणे विस्कळीत होते. काही जण आंघोळ, मित्र, काम सोडून गप्प बसून राहतात. याला घरचे हमखास आळस म्हणतात.

कारण एकच सापडत नाही. आनुवंशिकता मोठी, पण सर्वस्व नाही: एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असला तरी दुसऱ्याला तो होतोच असे नाही. गांजा धोका वाढवतो. बाळंतपणानंतरचे दिवस, थायरॉइडचे विकार, स्टेरॉइड औषधे यांतूनही सायकोसिस उद्भवतो. म्हणून आधी शरीराची तपासणी.

उपचाराविना जितका काळ जातो, तितके सावरणे अवघड होते. आणि हा काळ बहुतेक घरी वाद घालण्यात जातो. ‘अरे, कोणी नाहीये तिथे!’ हे वाक्य शंभरदा बोलून काय साधते? रुग्णाला कळते एवढेच, की आपल्यावर कोणाचा विश्वास नाही. त्यापेक्षा एवढे म्हणता येते: ‘मला ऐकू येत नाही, पण तुला येतंय. रात्रभर झोप नाही ना तुला? उद्या डॉक्टरांना निदान झोपेचं तरी विचारू. मी येते बरोबर.’