टिटवीचा नकाशा

जूनचा पहिला आठवडा होता आणि पाऊस अजून आला नव्हता. सकाळी साडेसहाला भाईंदरच्या एका मिठागराच्या बांधावरून आम्ही तिघे चाललो होतो. समोरून टिटवी उठली आणि ओरडत आमच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. मग वीसेक पावलांवर उतरून एक पंख जमिनीवर लोळवत लंगडू लागली. आम्ही जागच्या जागी थांबलो. ती आम्हाला ज्या दिशेला ओढत होती, त्याच्या उलट दिशेला तिची अंडी असणार हे ठाऊक होते. दुर्बिणीतूनही ती सापडायला पाच मिनिटे लागली. चार अंडी, टोके आतल्या बाजूला, मातकट रंगावर काळे डाग आणि भोवती बारीक खड्यांचे कडे. घरटे म्हणावे असे दुसरे काहीही नव्हते.

आम्ही मागे फिरलो. शंभरेक पावले लांब गेल्यावर टिटवी डबक्यात उतरली, पोटाची पिसे भिजवली आणि चालत जाऊन अंड्यांवर बसली. तापलेल्या जमिनीवर अंडी थंड ठेवायची तिची ही रीत. सोबतच्या मुलाने वहीत वेळ, जागा आणि ‘टिटवी, चार अंडी’ अशी नोंद केली. अशा नोंदींतून एखाद्या प्रदेशाचा नकाशा कसा उभा राहतो आणि मीरा-भाईंदरला तो का हवा, हे या लेखात मांडायचे आहे.

दिसणे आणि नांदणे

पक्षी दिसणे वेगळे आणि पक्षी नांदणे वेगळे. मुंबईच्या खाड्यांवर रोहित (फ्लेमिंगो) उतरले की कॅमेऱ्यांची गर्दी होते. ते देखणे पाहुणे आहेत. त्यांची मोठी वीण कच्छच्या रणात होते. टिटवी, शेकाट्या, सुगरण, खंड्या, तांबट हे मात्र इथले घरधनी. त्यांची पिल्ले इथे वाढतात. जिथे पक्षी खातो ती जागा उद्या बदलली तर तो कदाचित दुसरीकडे खाईल. जिथे तो अंडी घालतो ती जागा गेली, तर पुढची पिढीच जाते.

म्हणून विणीच्या नकाशात नोंदीच्या तीन पायऱ्या धरतात. योग्य जागी, योग्य हंगामात पक्षी दिसला किंवा नर गाताना ऐकू आला, तर वीण ‘शक्य’. जोडी दिसली, प्रणयाराधन दिसले, एकाच जागेवर पक्षी पुन्हा पुन्हा हक्क सांगताना आढळला, तर ‘संभाव्य’. अंडी, पिल्ले, चोचीत चारा घेऊन जाणारे आईबाप किंवा टिटवीसारखे पंख मोडल्याचे सोंग दिसले, तर ‘निश्चित’. कोकिळेचे उदाहरण घ्या. चैत्रात कोकीळ दहा ठिकाणी ओरडतो, पण त्याची वीण पक्की ठरते ती कावळा कोकिळेच्या पिल्लाला भरवताना दिसला तेव्हाच.

अंड्यांच्या पेट्यांपासून चौकटींपर्यंत

पक्ष्यांच्या विणीची माहिती गोळा करण्याचा छंद आपल्याकडे जुना आहे, पण त्याची सुरुवात अंडी उचलण्यापासून झाली. ए. ओ. ह्यूम यांनी देशभरच्या हौशी निरीक्षकांच्या पत्रांतून भारतीय पक्ष्यांची घरटी आणि अंडी यांवरचे पुस्तक १८७३ साली काढले. त्या काळी घरट्याची नोंद म्हणजे बहुधा पेटीत ठेवलेले अंडे. नंतर नजर बदलली. १९३० साली सालिम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींची वसाहत दिवसचे दिवस न्याहाळली. नर अर्धवट खोपे विणतो, मादी पाहून पसंत करते, मग नर तो खोपा पुरा करतो आणि पुढच्या मादीसाठी नवा खोपा विणायला लागतो, हे त्यांनी जगाला सांगितले. त्याच दशकात त्यांनी आणि हुमायून अब्दुलअली यांनी मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांवरची लेखमाला १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लिहिली. आजचे मीरा-भाईंदर याच साष्टी बेटावर वसले आहे. आपल्या अंगणाची पहिली नोंदवही इतकी जुनी आहे.

सारा प्रदेश सारख्या चौकटींत वाटून केलेला नकाशा मात्र बाहेर घडला. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १९६८ ते १९७२ या पाच विणीच्या हंगामांत हजारो स्वयंसेवकांनी दहा किलोमीटरच्या ३,८६२ चौकटी पालथ्या घातल्या. १९७६ साली त्याचे पुस्तक झाले. पुढे १९८८-९१ आणि २००७-११ मध्ये हे काम पुन्हा केले गेले, आणि खरी किंमत तेव्हा कळली. पहिला नकाशा काय आहे ते सांगतो. काय गेले ते दुसरा सांगतो. आपल्या टिटवीची तिकडची बहीण शेतांतून कशी मागे हटत गेली, हे या नकाशांनी दाखवले. २०२० मध्ये युरोपचा दुसरा विणीचा नकाशा आला. ४८ देश, ५९६ जाती आणि सुमारे एक लाख वीस हजार माणसांचे श्रम त्यामागे होते.

आपल्याकडे

भारतात केरळने मोठी मजल मारली. २०१५ ते २०२० या काळात हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी राज्यभर चौकटी आखून, पंधरा-पंधरा मिनिटांच्या सुमारे २५ हजार याद्या केल्या. त्यातून तीन लाखांच्या आसपास नोंदी आणि ३६१ जाती हाती आल्या. देशातला हा पहिला राज्यव्यापी पक्षी-नकाशा. तो पावसाळा आणि कोरडा हंगाम अशा दोन फेऱ्यांत पक्षी कुठे आहेत हे सांगतो. कुठे नांदतात हा प्रश्न त्याच्या पुढचा. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा घेतला गेला आणि १७८ जातींना संवर्धनात अग्रक्रम द्यावा असे ठरले. पगारी शास्त्रज्ञांच्या बळावर एवढे काम कधीच झाले नसते.

घरट्यांचा मागोवा महाराष्ट्राने एका पक्ष्यापुरता घेऊन दाखवला आहे. १९९२ मध्ये सुरू झालेल्या चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, कोकण किनाऱ्यावरच्या समुद्रगरुडांची घरटी गावोगाव हिंडून नोंदवली. उंच झाडावरचे काटक्यांचे ते मोठे घरटे वर्षानुवर्षे तेच राहते. त्यामुळे झाड वाचले तर घरटे वाचते, आणि झाड वाचवायचे तर ते ज्याच्या वाडीत आहे त्याच्याशी बोलावे लागते. घरट्यांची यादी अशी माणसांच्या ओळखींची यादी होते.

ऐंशी चौकटींचे शहर

मीरा-भाईंदर महापालिकेचे क्षेत्र सुमारे ७९ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८ लाख ९ हजार. एक किलोमीटरच्या चौकटी आखल्या तर साधारण ऐंशी होतात. कडेच्या धरल्या तर थोड्या जास्त. एवढ्या लहान जागेत किती तऱ्हा आहेत पाहा.

पूर्वेला काशी-चेण्याकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा उतार. ढोलीत स्वतःला लिंपून घेणारी राखी धनेशाची मादी आणि वाळक्या फांदीला गोल भोक पाडणारा तांबट अशा झाडोऱ्यात शोधायचे. उत्तरेला वसईची खाडी आणि कांदळवन. मध्ये मिठागरे आणि खाजण. शेकाट्या आणि टिटवी उघड्या बांधांवर, तर टिबुकली आणि जांभळी पाणकोंबडी गवताळ पाणथळीत. राई, मुर्धे, मोर्वे या गावांच्या पाणवठ्यांजवळ सुगरणीचे खोपे पाहायचे. पश्चिमेला उत्तन, पाली, चौक, डोंगरीचा किनारा आणि टेकड्या. आणि मीरा रोडच्या इमारती? तिथे पाकोळी वळचणीला पिसा-गवताची घरटी करते, आणि चिमणी मीटरच्या पेटीमागेही संसार थाटते. त्या चौकटीतली शून्य किंवा एक ही नोंदसुद्धा तितकीच मोलाची.

नियमांच्या फटीतून

हा नकाशा तातडीने हवा, कारण इथल्या घरट्यांच्या जागा कागदावर ‘मोकळी जमीन’ आहेत.

कांदळवनाला निदान आधार आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने त्याला आणि त्याच्या भोवतीच्या ५० मीटर पट्ट्याला संरक्षण दिले. शेकाट्या आणि टिटवी मात्र कांदळवनात अंडी घालत नाहीत. त्यांना उघडा बांध लागतो. आणि २०१७ च्या पाणथळ नियमांत मीठ पिकवण्यासाठी माणसाने केलेल्या जागा पाणथळीच्या व्याख्येतूनच वगळल्या आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा अंडी-घरट्यांना हात लावू देत नाही, पण घरटे तिथे आहे हे कुणी नोंदवलेलेच नसेल, तर कायदा कुणाकडे बोट दाखवणार?

दुसरी फट ऋतूची. प्रकल्पांच्या पर्यावरणीय मूल्यांकनासाठी पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती घेण्याची रीत रूढ आहे. सुगरण आणि पाणकोंबडी नेमक्या पावसाळ्यात विणतात. अहवाल खरा असूनही घरटी त्यात दिसत नाहीत. मेट्रो-९ च्या कारशेडसाठी डोंगरीच्या टेकडीवरची हजारो झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा रहिवासी रस्त्यावर उतरले. अशा वेळी झाडांची संख्या सगळ्यांच्या हातात असते. त्या झाडांत कोण नांदते, याची सहा-सात वर्षांची चौकटवार नोंद हातात असती, तर बाजू कितीतरी भक्कम झाली असती.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी. पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी मे महिन्यात होते आणि तोच कावळ्यांच्या घरट्यांचा काळ. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या झाडावर घरटे आहे ही यादी वेळेत पोचली, तर तेवढी फांदी महिनाभर थांबू शकते.

वहीची शिस्त

या कामाला महागडा कॅमेरा लागत नाही. दुर्बीण, वही, घड्याळ आणि सबुरी पुरते. उलट कॅमेरा आवरावा लागतो. घरट्याजवळ माणूस घुटमळला की कावळा पाहतो, आणि माणूस गेला की कावळा येतो. म्हणून पक्षी अस्वस्थ होताच मागे फिरायचे, फांदी वाकवायची नाही, पिल्लाला हात लावायचा नाही आणि घरट्याची नेमकी जागा जगजाहीर करायची नाही. नकाशावर चौकट दाखवावी, झाड नव्हे.

मिठागरात आयुष्य काढलेल्या आगरी बायकांना, जाळी विणत बसणाऱ्या कोळ्यांना, उत्तनच्या वाडीवाल्यांना घरटी ठाऊक असतात. त्या सकाळी परतताना एका आजींनी विचारले, “टिटवी बघाय आलाव? ती तं दरवर्षी हितंच बसते.” आम्ही एका हंगामात जे शोधले, ते त्यांना कितीतरी वर्षे माहीत होते. ते ज्ञान वहीत उतरवणे हा या कामाचा अर्धा भाग आहे.

‘टिटवीदेखील समुद्र आटवते’ अशी आपल्याकडे म्हण आहे. अंडी वाहून नेणाऱ्या समुद्राशी चोचभर पाण्याने झुंजणारी ती टिटवी. स्वयंसेवकाची एक नोंद चोचीतल्या थेंबाएवढीच असते. राज्य शासनाचा पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबरला, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून येतो. या सप्ताहात ऐंशी जणांनी आपापली एक चौकट निवडावी. हिवाळाभर तिथले पक्षी ओळखायला शिकावे. मार्च ते सप्टेंबर दर पंधरवड्याला एक सकाळ तिला द्यावी. पाच वर्षांनी या शहराकडे स्वतःच्या घरधन्यांचा नकाशा असेल, आणि दहा वर्षांनी त्याची तुलना करता येईल.

आमच्या चौकटीची पहिली ओळ लिहून झाली आहे: टिटवी, चार अंडी, वीण निश्चित. पुढच्या जूनमध्ये त्याच बांधावर पुन्हा जायचे आहे.